सेड्रिक सग्डनचे शब्दांचे खोके

इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावच्या गिरणीत सेड्रिक सग्डन सुताची वजनं करायचा. मी तिथेच मागावर होते आणि आमची घरंही भिंतीला भिंत लागून. बोलायला कमी, वेळेवर येणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे शब्दांचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एकोणसाठ साली, माझ्या डोळ्यांदेखत.

जेवणाच्या सुट्टीत आमचा मुकादम शब्दकोडं घेऊन बसायचा. त्या दिवशी त्याने सेड्रिकला अडवलं. "तू लई वाचतोस ना? मग सांग. ए, ई, एल, पी, एस, टी. ही सहाही अक्षरं उलटसुलट लावून शब्द किती होतात?"

सेड्रिकने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "पेटल्स. प्लेट्स. स्टेपल..." जरा थांबून म्हणाला, "पास्टेल. चार."

"आणि पाचवा?"

"चारच होतात."

"प्लीट्स, गधड्या! बायकोच्या स्कर्टाच्या चुण्या कधी बघितल्या नाहीस होय रे?"

सगळं उपाहारगृह हसलं. मीही हसले. सेड्रिक कानापर्यंत लाल झाला.

त्या शनिवारी त्याने बाजारातून जाडजूड शब्दकोश आणला आणि कोरी कार्डं आणली. एकेक शब्द घ्यायचा, त्याची अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने कार्डाच्या माथ्यावर लिहायची आणि शब्द खाली. म्हणजे ज्यांची अक्षरं सारखी ते सगळे शब्द आपोआप एकाच कार्डावर येणार. असं कुणी आजवर केलेलं नाही, असं त्याला वाटायचं. कार्डं ठेवायला बुटांचे खोके.

रोज चहा झाला की सहा ते नऊ. दिवसाला दहा-बारा शब्द. त्याची बायको एल्सी पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवायची, कारण पुढच्या खोलीत खोके छातीपर्यंत आले होते.

"माझी खोली मला कधी मिळणार रे?" ती विचारायची.

"आता एम चालू आहे," तो म्हणायचा. पुढे काही वर्षांनी, "आता आर चालू आहे." एल्सी कुरकुरायची, पण कार्डं संपली की दुकानात जाऊन आणायची तीच.

एक्याऐंशीच्या नाताळात तो यू या अक्षरावर होता. बावीस वर्षं झाली होती. गिरणी बंद पडून दोन वर्षं झालेली, त्यामुळे आता तो सकाळीही बसायचा. एल्सीची भाची ग्लेनिस लीड्सच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरवर काम करायची. नाताळच्या जेवणाला मीही होते. पोरीने खोके पाहिले, काकाला बारीकसारीक प्रश्न विचारले. तोही तासभर भरभरून बोलला. इतकं बोलताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत ग्लेनिस परत आली. काखेत कागदाचा हा एवढा गठ्ठा, कडेला भोकं असलेला, सलग, घडीवर घडी. चेहरा नुसता फुलला होता.

"काका, तुमचं काम झालं! मशीनला सगळा शब्दकोश दिला. ए पासून झेडपर्यंत. आता तुम्हाला डोळे फोडायला नकोत."

सेड्रिकने पहिली घडी उलगडली. त्याच्याच पद्धतीने, अक्षरं क्रमाने माथ्यावर, शब्द खाली.

"किती वेळ लागला गं?" त्याने विचारलं.

"सात मिनिटं."

एल्सीच्या हातातली किटली तशीच राहिली. "कुणी सांगितलं होतं तुला?" ती एकदम ओरडली. "कुणी मागितलं होतं?"

"मावशी, मला वाटलं..." पोरीचे डोळे भरून आले.

"ओरडू नकोस तिच्यावर," सेड्रिक म्हणाला. "तिने चांगल्यासाठीच केलंय." मग ग्लेनिसकडे वळून, "फार छान केलंस हो पोरी. फार छान." आणि तो तिच्यासाठी केक कापू लागला.

त्यानंतर महिनाभर तो मशीनचा गठ्ठा आणि आपली कार्डं ताडून पाहत बसला. मला वाटलं, मशीनची एखादी तरी चूक सापडू दे, देवा. मी कुंपणावरून विचारलंच.

"चूक सापडली," तो म्हणाला. "माझी. तीनशे बारा शब्द सुटलेत."

ते शब्द त्याने कार्डांवर चढवले. यू पुरा केला, मग व्ही, डब्ल्यू. का करतोस, असं एल्सीनेही विचारलं नाही. चौऱ्याऐंशीच्या वसंतात झेड संपला. त्या दिवशी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मला एल्सीकडून कळलं. वाचनालयातल्या बाईंनी खोके बघितले, फार कौतुक केलं आणि जागा नाही म्हणाल्या.

मग बालवाडीच्या बाईंनी कुठूनसं ऐकलं आणि दारात येऊन विचारलं, "कार्डांची मागची बाजू कोरी आहे ना? मुलांना चित्रं काढायला लागतात."

मी म्हटलं आता हा हाकलून देणार. एल्सी कमरेच्या टॉवेलला हात पुसत राहिली.

"कोरी आहे," सेड्रिक म्हणाला. "न्या."

मंगळवारी माझ्या भावाच्या गाडीतून आम्ही सगळे खोके पोचवले. पाच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला एका मुलीने आमच्यासमोरच एक कार्ड उचललं आणि त्यावर हिरव्या खडूने गाय काढली. सेड्रिक वाकून बघत राहिला. "शेपटी छान आलीय," एवढंच म्हणाला.

भाऊ गाडी घेऊन गेला, परतताना सेड्रिक आणि मी चालतच आलो. एल्सीने पुढच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि ती आत झाडत होती. फाटकाशी येऊन सेड्रिक थांबला, घड्याळ पाहिलं. चार वाजले होते.

"तू संध्याकाळी काय करतेस गं?" त्याने मला विचारलं. थट्टा नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी विणकाम, रेडिओ असं काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली. पण आत न जाता तो फाटकाची कडी धरून तिथेच उभा राहिला.