सोळा क्लिक

प्रत्येक माणूस जाताना मागे एक आकडा ठेवून जातो, आणि तो आकडा दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. हे वाक्य माझं नाही, मामाचं आहे. मामा वनखात्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून त्याला अशी वाक्यं सुचतात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हा आकडा सोळा निघाला.

भाऊ उकव्याच्या खाणीत ऑफिसात होता. बालाघाटहून रोज गाडीनं जायचा, रोज परत यायचा. जंगलातला वळणांचा रस्ता. वारण्याच्या दोन वर्षं आधी त्यानं आपल्या लहानशा पांढऱ्या गाडीचे मूळचे शॉकर काढून टाकले आणि पुण्याहून कॉइलओव्हर मागवून बसवले. म्हणजे असे शॉकर, ज्यांच्या अंगावरच स्प्रिंग असते आणि डोक्यावर एक बोंडाएवढी गाठ. ती गाठ फिरवली की क्लिक असा आवाज होतो आणि शॉकर कडक किंवा नरम होतो. गाडी खड्ड्यात आदळली की स्प्रिंग दबते, मग उसळते. त्या उसळीला किती आवरायचं, हे ती गाठ ठरवते. याला डॅम्पिंग म्हणतात. शिवाय या शॉकरांनी गाडी चार बोटं खाली बसते. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. हे सगळं मला त्यानं सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तो बॉनेट उघडून गाडीसमोर उभा असायचा. हातात चहा.

"काय करतोस?"

"सेटिंग चालू हाये, ताई."

"दोन तासांपासून?"

"सेटिंग घाईत नाही होत. पह्यले गाडीले समजून घ्यावं लागते."

गल्लीतले लोक येता जाता थांबून बॉनेटमध्ये बघायचे आणि मान हलवायचे. उघड्या बॉनेटसमोर मान हलवणं ही आमच्याकडे चांगली रीत समजली जाते.

गेल्या वर्षी तो गेला. काविळीनं, अकरा दिवसांत. गाडीचा काही संबंध नव्हता. लोक विचारतात म्हणून सांगते. मी रडले नाही. यावर घरात चर्चा झाली, आणि हिचं रडणं मागाहून येईल, असं ठरलं. मीही तसंच धरून चालले. टपालासारखं. कॉलेजात जात होते, पुस्तकांवर शिक्के मारत होते, भाजी आणत होते. घरात आता आई आणि मी.

आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या वस्तू वर्षश्राद्ध होईपर्यंत जशा आहेत तशा ठेवतात. कपडे खुंटीवर, चष्मा टेबलावर. तेराव्याला मामानं गाडीचाही निकाल दिला. चालवावी लागेल, नाही तर बॅटरी बसेल. पण बदल करायचा नाही. मी भावापेक्षा चांगली वीतभर बुटकी. सीट पुढे ओढायची परवानगी मिळाली नाही. म्हणून पाठीमागे आधी एक उशी, मग दोन, असं करत मी क्लचपर्यंत पोचले. आरसे फिरवायला मात्र मामानं हरकत घेतली नाही. आरसा परत आणता येतो, असं त्याचं म्हणणं. सीटही परत आणता येते, हे मी म्हणाले नाही. वाद घालायला काहीतरी वाटावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात आई अंगणात घसरली. कण्यातला एक मणका दबला. गोंदियाच्या डॉक्टरनं पट्टा दिला, औषधं दिली आणि दर महिन्याला दाखवायला सांगितलं. पट्टा घालून चालायचं, वाकायचं नाही, आणि धक्के तर मुळीच नकोत. मणका आणखी दबला, तर बिछाना धरावा लागेल.

"आल्या कशा?" त्यानं विचारलं.

मी गाडीचं सांगितलं. तो खिडकीशी गेला, खाली बघितलं आणि म्हणाला, "ही? ही तर जमिनीला टेकली आहे."

दुसरी गाडी करू, असं मी सुचवून पाहिलं. आईनं पट्टा सावरत माझ्याकडे पाहिलं.

"पोराची गाडी दारात उभी, आन् मी भाड्याच्या गाडीत बसू? काहून?"

मग आम्ही त्याच गाडीनं जात राहिलो. भातगिरणीच्या ट्रकांनी तो रस्ता असा करून ठेवला आहे, की रिकाम्या बैलगाडीलाही विचार करावा लागेल. आमची गाडी विचार करत नसे. प्रत्येक खड्डा ती शब्दशः आत पोचवायची. आई दाराच्या वरचा दांडा धरून बसायची. ओरडायची नाही, कण्हायची नाही. फक्त तिची वाक्यं तुटायची. "गॅस बंद केला होता का" इथवर यायची आणि पुढचा 'वं' कुठेतरी वैनगंगेच्या पुलाच्या सांध्यांत राहून जायचा. गोंदियाला उतरली तेव्हा खालच्या ओठावर दातांचे वण होते.

पुढच्या खेपेला ती आदल्या दिवशीच म्हणाली, "मले आता बरं वाटते. नाही जात मी."

तिला बरं वाटत नव्हतं. सकाळी उठताना ती पलंगाची कड धरून आकडे मोजत असे, हे मी ऐकलं होतं.

मी गाडी घेऊन गोंदिया रोडवरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. हे शॉकर त्यानंच बसवले होते. भावाचा दोस्त. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवला.

"नरम होते ना, ताई. गाठ उलटी फिरवली का नरम."

"मग फिरव."

त्यानं हात मागे घेतला. "मी नाही बाप्पा. भाऊनं सांगून ठेवलंतं, फिटिंग तू कर, पण सेटिंगले हात लावशीन तं पाहा. दो साल की मेहनत है उसकी, दीदी. मैं कैसे बिगाड़ दूँ?"

"किती क्लिकवर आहे, ते तरी सांग."

"ते त्यालेच माहीत."

"मोजता येत नाही?"

"येते. पूर्ण कडक होईपर्यंत फिरवाची आन् क्लिक मोजाचे. मंग तेवढेच उलटे आणाचे."

"म्हणजे किती आहे ते बघायला आधी हलवावं लागणार."

"हौ," तो म्हणाला.

प्रकरण मामाकडे गेलं. तो डायरी घेऊन आला, दोन चहा प्यायला आणि म्हणाला, "हे गंभीर हाये."

"राहू दे ना दादा," आई म्हणाली. "मी बसतो तशीच."

"तू चूप बस. मले विचार करू दे." विचार झाल्यावर त्यानं निर्णय सांगितला. आरशाचाच न्याय. जे मोजून परत आणता येतं, तो बदल नव्हे. आकडा लिहून ठेवायचा, वर्ष झालं की त्याच आकड्यावर आणायचं. मग त्याला सुरुवातीचं ते वाक्य सुचलं, आणि त्यानं ते दोनदा म्हटलं.

रविवारी सकाळी अंगणात सगळे जमले. आई पट्टा बांधून खुर्चीवर. मामा पेन उघडून उभा. गॅरेजवाला तीन हात लांब, हात पाठीशी बांधून, म्हणजे नंतर त्याच्यावर काही यायला नको. मी बॉनेट उघडलं आणि उजवीकडच्या गाठीवर बोटं ठेवली. क्लिक कानापेक्षा बोटांना जास्त कळतो. एक, दोन, तीन. मला वाटलं होतं, इथे काहीतरी होईल. त्याच्या बोटांनी जिथे थांबवलं, तिथे आता माझी बोटं होती. अशा ठिकाणी माणसाला काही होतं, असं मी बरंच वाचलं आहे. बोटांना काळं लागलं. सोळाव्या क्लिकला गाठ अडली.

"सोळा," मी म्हणाले. मामानं लिहिलं.

डावी बाजू, सोळा. मग डिकी उघडली, मागच्या गाठींवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. मागची उजवी, सोळा. मागची डावी, सोळा.

"देखा?" गॅरेजवाल्याचे हात आता सुटले. "चारों बराबर! असा हात पाह्यजे."

"लहानपणापासून असाच," आई म्हणाली. "चपलासुद्धा जोडीनं ठेवाचा."

त्याच्या चपला मी उभा जन्म दोन वेगवेगळ्या खोल्यांतून गोळा केल्या होत्या. मी झाकण बसवलं. मामानं चार वेळा सोळा लिहिलेला कागद फाडून आईला दिला. तिनं तो भावाच्या फोटोच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात खोचला. फुलं बदलताना ती तो कागद सरळ करायची.

मग नरम करायचं काम. मी आधी सगळ्यात नरम केलं, कारण मला तेवढीच समज होती. गिरणीच्या मागच्या रस्त्यावर तीन गतिरोधक आहेत. आईच्या जागी तांदळाचं पोतं ठेवून त्याला पट्टा बांधला आणि एकाच वेगानं फेऱ्या मारल्या. गाडी आता आदळत नव्हती, पण गतिरोधक संपल्यावरही चार वेळा माना डोलावत होती. स्प्रिंग कडकच होती, आणि तिला आवरणारं कुणी उरलं नव्हतं. आईला यात ओकारी झाली असती, आणि ओकताना वाकावं लागतं. दोन क्लिक कडक केले. फेरी. आणखी दोन. फेरी. गिरणीचा चौकीदार स्टुलावरून उठून रस्त्यावर आला.

"मॅडम, चावल उतारना है कि घुमाना है?"

"घुमाना है."

"ठीक है," तो म्हणाला आणि परत जाऊन बसला. पुढच्या फेरीला त्यानं पोत्याला सलाम केला.

पूर्ण कडकपासून मोजून चोवीसला, म्हणजे त्याच्यापेक्षा आठ क्लिक नरम, गाडी एकदा दबून, एकदा उठून गप्प झाली. चारही गाठी चोवीसवर ठेवल्या. त्या महिन्यात आई गोंदियाला आली. पुलाच्या अलीकडे तिनं विचारलं, "काल वांगी आणली होती, त्याचं काय केलं वं?" प्रश्न पुलावरच पूर्ण झाला. पलीकडच्या काठावर मी उत्तर दिलं. येताना ती झोपली. दांडा तिनं धरला नव्हता. मग ती दर महिन्याला आली.

वर्ष झालं. डॉक्टरनं नवा एक्स-रे दिव्याशी धरून बघितला आणि मणका आहे तिथेच थांबल्याचं सांगितलं. पट्टा सुटला, पण धक्के नकोतच. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मामानं डायरी काढली.

"आता सोळावर आण."

"हौ," आई म्हणाली. "मले एकदा उकव्याले जायचं हाये. त्याचा रेनकोट तिथंच राह्यला ऑफिसात. त्याच्याच सेटिंगवर जाऊ."

"आई, डॉक्टरनं काय सांगितलं?"

"एक दिवसानं काही होत नाही. वर्षभर आपल्यासाठी बदललं ना आपण? एक दिवस त्याच्यासाठी."

मी चहा घेऊन बाहेर गेले आणि बॉनेट उघडलं. गाठींकडे बघत उभी राहिले. समोरच्या घरातले काका फाटकाशी थांबले, आत बघितलं आणि मान हलवली. चहा संपला. मी बॉनेट बंद केलं, डिकीही एकदा उघडून बंद केली.

"झालं?" मामानं विचारलं.

"झालं. सोळा."

त्यानं डायरीत खूण केली. गाठी चोवीसवरच होत्या.

उकव्याच्या रस्त्यावर मामा मागे बसला होता, आई पुढे. बरीच वळणं झाल्यावर आई म्हणाली, "कळते वं. त्याच्या हातची गोष्टच वेगळी."

"यालेच सेटिंग म्हणतात," मामा मागून म्हणाला. "वर्षभर तं नुसती पालखी करून ठेवलती पोरीनं."

"दुखतंय का?" मी आईला विचारलं.

"त्याच्या गाडीत मले काही होत नाही."

मी गियर बदलला. ऑफिसात रेनकोट घडी करून ठेवला होता. आई तो मांडीवर घेऊन बसली आणि बालाघाट येईपर्यंत बोलत होती. एकही वाक्य तुटलं नाही.

त्या आठवड्यात वस्तू काढायला सुरुवात केली. कपडे दिले. सीट पुढे घेतली, दोन्ही उश्या दिवाणावर परत गेल्या. चौकटीतला कागद मात्र आईनं काढू दिला नाही. माळ्यावर शॉकरचा रिकामा खोका होता. भाऊ कुठलाही खोका टाकत नसे. तो खाली घेतला, तर तळाशी प्लास्टिकचं एक पाकीट निघालं, कारखान्यात चिकटवलेलं तसंच. कात्रीनं कापावं लागलं. आत माहितीपत्रक होतं. मी हातात येईल ते वाचते, म्हणून तेही उभ्यानंच वाचलं. तिसऱ्या पानावर, धुण्याविषयीच्या सूचनेच्या वर, लिहिलं होतं की चारही शॉकर कारखान्यातून सोळा क्लिकवर लावून पाठवले जातात.