डस्टरवाले सर

सोलापुरात चादरीच्या एका दुकानाच्या माडीवर स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. पहिला दिवस फुकट होता, म्हणून मी गेले. तिथले सर म्हणजे अजब प्रकरण होतं. भर उन्हाळ्यात गळ्यात चादरीएवढा रुंद टाय, आणि दर वाक्याला डस्टर टेबलावर आपटायची खोड. आम्ही इंग्रजी शिकायला नाही, कवायतीला आलोय असंच वाटावं.

त्या दिवशी चालू भूतकाळ होता. "वॉज लावा, क्रियापदाला आयएनजी चिकटवा, झालं! अर्थाच्या मागं लागायचं न्हाय," असं सरांनी बजावलं. मग सगळ्यांना एकच प्रश्न: काल रात्री घरात काय चाललं होतं? कुणाची आई भाकरी थापत होती, कुणाचे वडील टीव्ही बघत होते. प्रत्येक वाक्य सर फळ्यावर लिहायचे आणि अख्ख्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचे.

शेवटच्या बाकावर शिवणकारखान्यात काम करणारी एक बाई होती. ती उठली आणि शब्द जुळवत म्हणाली, "माय हजबंड वॉज बीटिंग मी."

एवढं इंग्रजी आम्हा सगळ्यांना कळलं.

सरांचा चेहरा मात्र खुलला. "व्हेरी गुड! एकबी चूक न्हाय!" त्यांनी वाक्य फळ्यावर लिहिलं, डस्टर आपटलं. पोरं खाली मान घालून पुटपुटू लागली. ती बाई ओठ घट्ट मिटून उभी होती.

सरांनी तिच्याकडे बोट केलं.

"तुमीपण म्हणा की, बाई. लाजताय कशाला? तुमचंच वाक्य हाय!"