डाळ शिजते ते पाणी

विजयाताई गेल्याचं मला कदम सरांकडून कळलं. मी जवळा बाजारला बसची वाट पाहत होतो. "ताई सकाळी गेल्या. हार्ट," एवढंच ते फोनवर म्हणाले. ती माझी मावसबहीण. हिंगोलीच्या एका महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवायची. कदम सर तिथेच रसायनशास्त्र शिकवतात. दोघांनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. त्याची नोंद कुठे नाही, म्हणून इथे करतो.

औंढा तालुक्यातल्या एका तांड्यावर दोन हातपंप आहेत. एकाच्या पाण्यात फ्लोराइड फार. त्याने लेकरांचे दात डागाळतात, हाडं वाकतात. सरांनी पाणी तपासलं, त्या पंपाला लाल रंग दिला, पारावर सभा घेऊन धोका समजावला. बायका तरीही लाल पंपावरच. सर चिडले, म्हणाले, यांना सांगून उपयोग नाही. ताई मात्र तिथल्या शेवंताबाईच्या चुलीशी जाऊन बसली. शेवंताबाईच्या लेकीचे, पूजाचे गुडघे तेव्हाच एकमेकांना घासत होते. "म्याडम, लाल पंपाच्या पाण्यात डाळ मेणावानी शिजती," शेवंताबाई म्हणाली. "त्या दुसऱ्या पाण्यात लाकडं सरत्यात, पर वरण व्हत न्हाई. मंग ते काहून आणावं?"

दुसरं पाणी फ्लोराइडचं नव्हतं, पण जड, क्षारांचं होतं, म्हणून बायका टाळत होत्या. तांड्यावर पाण्याची परीक्षा डाळीवरून होते, हे रसायनशास्त्राला माहीत नव्हतं. ताईने ते चांगलं पाणी कॅनमधून महाविद्यालयात आणलं आणि डाळी शिजवत बसली. रात्रभर भिजवून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की त्यातही वरण होतं, असं निघालं. पण सांगणं वेगळं आणि सवय बदलणं वेगळं, हे ती जाणून होती. विद्यापीठाने तेव्हा प्राध्यापकांच्या आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी अनुदान जाहीर केलं होतं. दोघांनी प्रस्ताव केला. त्यात तिचा एक आग्रह होता: तांड्यातलीच एखादी शिकलेली सून मानधनावर नेमायची आणि कुठल्या चुलीवर रोज कुठलं पाणी चढतं, हे तिने वर्षभर पाहायचं. पाहुण्याला घर खरं दिसत नाही, असं ताई म्हणायची.

समितीपुढे सादरीकरण झालं. एका तज्ज्ञांनी विचारलं, "यात डाळीचं काय काम?" दुसरे हसून म्हणाले, "मॅडम, ही पाककृती आहे." शेवटी प्रस्ताव कोणत्या तरी एका विषयात बसवा, असं सांगण्यात आलं. बाहेर आल्यावर ताई सरांना म्हणाली, "काहून हो सर, वरण कोणत्या विभागात येतं?" सरांना हसू आलं नाही. प्रस्ताव रसायनशास्त्रात मंजूर झाला. पाणी तपासण्याचं यंत्र मिळालं; मानधनाची तरतूद कापली गेली. जे आधीच माहीत होतं, ते त्या यंत्राने पुन्हा सांगितलं.

ताई सुट्टीच्या दिवशी एकटी जात राहिली. आधी फोन करायची, नाहीतर बायका शेतात असायच्या. शेवंताबाई तिला जेवू घालायची, चांगल्या पाण्याचं वरण, मऊ. दिवाळीत ताई आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "एक घर तरी वळलं रे. पूजाचं आता वाढायचं वय आहे…" तिच्या शेवटच्या वर्षात तिच्या तोंडून ऐकलेली समाधानाची एवढी एकच गोष्ट मला आठवते.

मागच्या आठवड्यात सर आणि मी, येतो एवढंच फोनवर कळवून, तांड्यावर गेलो. ताई गेल्याचं ऐकून शेवंताबाईने तोंडाला पदर लावला. थोड्या वेळाने आत जाऊन तिने तांब्याची कळशी आणली. चिंचेने लख्ख घासलेली, वर धुतलेलं फडकं.

"म्याडमची हाय," ती म्हणाली. "फोन आला की त्यांच्यापुरतं चांगल्या पंपाचं आणीत होतो. त्यांचं वरणबी त्यातच. मोठ्या माणसाला लाल पंपाचं कसं द्यावं? आज तुमच्यासाठी भरलं."

"आणि तुम्ही?" सरांनी विचारलं.

"आमाला काय व्हतंय सर. आमचं रोजचंच हाय की ते."

उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या पूजाने कळशीकडे हात केला. "ठिव," शेवंताबाई म्हणाली, "पाव्हण्यांचं हाय ते." आणि तिने माठातून तांब्या भरून लेकीच्या हातात दिला.