पुढाऱ्यांसाठी उकळलेलं पाणी

भूकंपानंतर माझी बदली लातूर जिल्ह्यातल्या एका पत्र्याच्या वसाहतीवर झाली. मी नांदेडची, अब्बांचं शिलाईचं दुकान, नर्स होऊन जेमतेम वर्ष झालेलं. जमीन हलली की बाहेर पळायचं, एवढं मला कळत होतं. तिथं गेल्यावर मात्र मी विहिरीला भ्यायला लागले. तिच्या पाण्यानं तीन लेकरं जुलाबानं पडली होती, डोळे पार आत गेलेले. विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर संपली होती. मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना दोनदा चिठ्ठी धाडली. पावडरीच्या आधी पुढारी आले.

भरदुपारी सभा झाली. गेलेल्यांसाठी हात जोडताना त्यांचा आवाज खरंच भरून आला. मग म्हणाले, "काही लोक अफवा पसरवायलेत, इथं रोगराई हाय म्हणून. एक बी रोगी न्हाई. ह्याच विहिरीचं पाणी मी तुमच्यासमोर पितो."

टाळ्या पडल्या. डॉक्टरसाहेबांनी मला खुणावलं, "सिस्टर, गिलास भरून आणा."

विहिरीचं द्यावं तर पुढारी आजारी पडणार आणि नाव माझं येणार. उकळलेलं द्यावं तर ते पिऊन दाखवणार आणि सगळी वसाहत विहिरीवर जाणार. दवाखान्याच्या शेडमध्ये लेकरांसाठी उकळून निववलेलं पाणी होतं, तेच ओतलं. मंचावर पोचेपर्यंत निम्मं माझ्या साडीवर सांडलं होतं.

"साहेब, हे उकळलेलं आहे," मी मान खाली घालून म्हणाले. "विहिरीचं पिण्यासारखं नाही. आत तीन लेकरं पडून आहेत."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "हे बोलायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

नोकरी गेली, असंच मला वाटलं. अब्बांना काय तोंड दाखवायचं, तेच डोक्यात फिरत होतं. मग त्यांनी हात काढला. "बाईंनी माझ्यासाठी पाणी उकळून आणलंय. तुम्ही बी उकळूनच प्या. पावडर उद्या येईल."

एक बी रोगी न्हाई, हे मात्र त्यांनी मागं घेतलं नाही.

जाताना डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले, "तुमचं बघतो मी." पुढं कित्येक दिवस टपाल आलं की मी आधी सरकारी पाकीट आहे का ते बघायची. मेमो कधी आला नाही. पावडर चौथ्या दिवशी आली. लेकरं तिन्ही उठून बसली.

पावडर येईपर्यंत लोक पाणी उकळत होते. सरपण नव्हतं, म्हणून पडलेल्या घरांच्या तुळया ओढून आणून फोडायचे. एक बाई चुलीत ढलपी सारताना अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नर्सबाई, हीच तुळई आमच्या मालकाच्या अंगावर पडली बघा."

पाण्याला उकळी येईपर्यंत मी तिच्याशेजारी बसून राहिले.