चालीची डॉक्टरकी

"तुमचा संशय बरोबर आहे," असं म्हणून मॅडम चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि परत लावायच्या. कोणी काहीही विचारलं तरी सुरुवात हीच. प्राचार्यांनी विचारलं, इतक्या रजा कशाला, तर संशय बरोबर. दूधवाल्याने विचारलं, मॅडम तुम्ही सारख्या त्या तलावाकडच्या गावात काऊन जाता, तरी संशय बरोबर. आपल्यावर संशय घेतला की माणूस तडकतो, निदान खुलासा तरी करतो. या बाई समोरच्याला आधीच पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकायच्या. मग भांडायला काही उरत नसे, आणि संशय होता तिथेच राहायचा.

मी स्वतः जात्याच संशयी आहे. भाजीवालीने न मागता कोथिंबीर दिली तर मी जुडी उलटून बघते. आरमोरीच्या ज्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते, तिथेच मराठी शिकवायला या मॅडम चंद्रपूरहून आल्या आणि माझ्या शेजारची खोली त्यांनी घेतली. अशी शांत, इस्त्रीच्या सुती साडीतली, चाळिशीची शेजारीण तुम्हीही पाहिली असेल. अशा माणसांवर लक्ष ठेवावं लागतं.

ठेवलंच मी. एक दिवस सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, तर मॅडम गच्चीवर डोक्यावर पाणी भरायची रिकामी गुंडी घेऊन चालताहेत. नुसत्या चालत असत्या तर ठीक होतं. कमरेत लचक, एक हात वाऱ्यावर, मान तिरपी, आणि चार पावलं गेल्या की थांबून स्वतःवरच चिडायच्या. पुन्हा पहिल्यापासून. माझी फोडणी करपली.

कॉलेजात विचारलं तेव्हा कळलं की त्या पीएचडी करताहेत. पीएचडीचा आणि गुंडीचा काय संबंध, असं मी विचारल्यावर अर्थातच माझा संशय बरोबर ठरला. मग त्यांनी समजावून सांगितलं. ही नव्या पद्धतीची पीएचडी होती. अर्धा प्रबंध लिहायचा आणि अर्धा स्वतः करून दाखवायचा, आणि दोन्ही मिळून संशोधन. मी म्हटलं, असं असेल तर मीही वडे तळून डॉक्टर होते. त्या हसल्या नाहीत. वड्यांवर अजून कोणी काम केलेलं दिसत नाही, म्हणाल्या. ही बाई आपली थट्टा करते की काय, ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्यांचा विषय होता दंडारीतली बाई. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते. ढोलकी, टाळ, गाणी, सोंगं, समोर दिसेल त्याची टवाळी. त्यात बाईचं काम पुरुषच करतो, पूर्वीपासून. ही पुरुषाने उभी केलेली बाई कशी घडते, हे मॅडमना शोधायचं होतं, आणि ते शोधायला त्यांना ती स्वतः करून बघायची होती. म्हणजे बाईने करायची पुरुषाची बाई. मी ते दोनदा ऐकलं आणि चहा मागवला.

ती बाई होती दसरू भाऊंकडे. तलावाकाठच्या गावात राहणारे, तलावावर मासे धरणारे ढिवर समाजातले म्हातारे गृहस्थ. हाडाने काटक, चेहरा सुकलेल्या बोंबलासारखा. पण लुगडं नेसून, पायात घुंगरं बांधून उभे राहिले की अख्ख्या पंचक्रोशीतल्या बाया त्यांची चाल बघायला यायच्या.

दसरू भाऊंचा संशय माझ्याहून पक्का होता, आणि त्याला कारण होतं. मागे कधी शहरातलं कोणी येऊन त्यांची गाणी फोनमध्ये भरून घेऊन गेलं. पुढे एका नाटकाच्या कंपनीत तेच गाणं दुसऱ्याच्या नावाने वाजलं, आणि भाऊंनी ते तिकीट काढून बघितलं. मॅडम पहिल्यांदा गेल्या तेव्हा मीही सोबत होते, काय चाललंय ते बघायला. भाऊ जाळं विणत होते. वर न बघता म्हणाले,

"माही बाई घेऊन जाशीन आन् तुहं नाव लावशीन. मले काय समजत नाई का?"

"संशय बरोबर आहे भाऊ तुमचा," मॅडम म्हणाल्या, आणि आपला फोन बंद करून त्यांच्या हातात दिला.

भाऊंनी तो मेलेल्या बेडकासारखा दोन बोटांत धरला. बंद असला तरी आयकते तो, म्हणाले, आणि अंगणाच्या पार टोकाला कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन ठेवला. पुढे मॅडम जेव्हा जेव्हा गेल्या, तेव्हा त्यांचा फोन खुराड्यावरच असायचा. मार्गदर्शक सरांचे फोन तिथे कोंबड्या घेत असाव्यात.

मॅडमना शिकवायला भाऊ तयार झाले ते मात्र रागावून. मॅडमनी त्यांच्या अंगणात गच्चीवरची चाल करून दाखवली आणि जमलेल्या बाया हसत सुटल्या. एक जण म्हणाली, ही काही बाईसारखी वाटत नाही. जन्मभर बाईच असलेल्या मॅडम तिथे गुंडी घेऊन उभ्या. भाऊंना ते बघवेना. टाच आधी उचलायची, असं ओरडत ते उठले. तलावाच्या गाळातून मासळीची टोपली घेऊन येणारी त्यांची आई अशी चालायची, टाच आधी सोडवून घेत. ती चाल त्यांनी लहानपणी बघून उचलली होती. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, आणि शिकवताना भाऊंची नजर सतत मॅडमच्या हाताकडे असायची, काही लिहून तर घेत नाही ना.

एक गोष्ट मात्र त्यांनी आधीच सांगून टाकली. घुंगरं देणार नाही. त्या गावची रीत अशी की बाईचं काम करणाऱ्याने आपली घुंगरं दुसऱ्याच्या पायात बांधली की पुन्हा त्याने नाचायचं नाही. नवीन विकतची बांधून उभं राहिलं तर गाव ते मानत नाही. मॅडमनी घुंगरं मागितली नाहीत. विद्यापीठाला मात्र मंडईतलं खरं सादरीकरण हवं होतं, परीक्षकांसमोर. त्याशिवाय प्रबंध दाखल होणार नव्हता. भाऊंनी बराच काळ तंगवून मग सांगितलं, उभी राहा, पण बिनघुंगराची.

दंडार आमच्याकडे रात्रभर चालते, पण परीक्षकांना परत जायचं होतं म्हणून त्या वर्षी मॅडमचं काम भर दुपारी ठेवलं. दोन परीक्षक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. ते खाणीच्या सर्वेचे साहेब असावेत असा गावाचा समज झाल्याने त्यांच्याभोवती बरीच जागा मोकळी. मी बायांच्यात बसले होते. भाऊ ढोलकीवाल्याच्या शेजारी, पायात घुंगरं बांधून. संध्याकाळी त्यांचं स्वतःचं काम होतंच, आणि ही बाई काय काय उचलते ते त्यांना जवळून बघायचं होतं.

मॅडम आल्या. चाल बरी होती, खरंच बरी होती. पण घुंगरांशिवाय दंडारीतली बाई म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही. लोक चुळबुळायला लागले. परीक्षकांपैकी एकांनी घड्याळ बघितलं. इतके दिवस मी जिच्या मागावर होते, तिचं वाईट व्हावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

तलावावरून परतायचा भाग आला आणि मॅडमचं पाऊल ठेक्याच्या जरा मागे पडलं. तेव्हा आवाज आला. दसरू भाऊंनी बसल्या जागी पाय आपटला होता. चूक दाखवायला, रागाने. मॅडमनी पाऊल सावरलं. पुढचं पाऊल पडायच्या वेळी भाऊंचा पाय पुन्हा आपटला, मग पुन्हा, आणि मग ते थांबलेच नाहीत. ती चालत होती आणि हे वाजत होते. ती वळली की यांची घुंगरं वळायची, ती लाजली की बारीक व्हायची. भाऊंचं तिच्या चेहऱ्याकडे लक्षच नव्हतं, डोळे सगळे तिच्या टाचांवर. बाया उठून उभ्या राहिल्या. माझ्या शेजारची म्हणाली, आता दिसून राह्यली बाई. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

नंतर परीक्षकांनी मॅडमना विचारलं, या सादरीकरणात तुमचा वाटा किती. मॅडमनी अर्धा म्हणून सांगितलं.

हेच उत्तर त्यांना भोवलं. प्रबंध लिहून झाला तेव्हा त्यांनी पहिल्या पानावर सादरीकरणाखाली दोन नावं घातली, आपलं आणि दसरू भाऊंचं. विद्यापीठातून ते परत आलं. डॉक्टरेट एकालाच मिळते, सादरीकरणही एकाचंच पाहिजे, दुसरं नाव आभारात घ्या. मार्गदर्शक सरांनी समजावलं, प्राचार्यांनी समजावलं, शेवटी मीही गेले. म्हटलं, आभारात चांगलं पानभर लिहा.

"आभार तर चहा देणाऱ्याचेही मानतात," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अहो, त्यांना वाचता येत नाही. पहिल्या पानावर कोणाचं नाव आहे हे त्यांना कधी कळणारही नाही.

मॅडमनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "पहिल्या दिवशी ते काय म्हणाले होते, आठवतं? माझी बाई नेशील आणि तुझं नाव लावशील. हे नाव काढलं तर त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांना कळो न कळो."

फाईल अडकली ती अडकलीच. भाऊंना यातलं काही सांगायचं नाही, असं मॅडमनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यांना वाटेल उपकार केला, म्हणाल्या. पुढे मॅडमच्या आईची तब्येत ढासळली, तेव्हा संस्थेच्या चंद्रपूरच्या कॉलेजात बदली मागून त्या निघून गेल्या. शेजारच्या खोलीत आता बँकेतले एक गृहस्थ राहतात. त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासारखं काही नाही, आणि मला करमत नाही.

परवा आठवडी बाजारात दसरू भाऊ भेटले. मासळी घेऊन बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, ते बाई मंडईले आली नाई. झाली असंन डाक्टर, आता कायले येते. मले पयलेच मालूम होतं.

मी शब्द दिला होता. पण ते ऐकून माझं डोकं फिरलं. तिथेच, मासळीच्या टोपलीपुढे उकिडवी बसून मी त्यांना सगळं सांगितलं. पहिलं पान, दोन नावं, परत आलेली फाईल, सगळं.

भाऊ बराच वेळ माशा वारत राहिले. मग म्हणाले, "मंग काढून टाकाचं होतं ना माहं नाव. काऊन नाई काढलं?"

त्यांनी टोपली बाजूला सारली.

"फोन लाव तिले," ते म्हणाले. मी नंबर लावला तर, खरंच लावला का, दाखव, म्हणून स्क्रीन बघून घेतली. ज्या माणसाने फोन कधी दोन बोटांच्या पलीकडे धरला नव्हता, त्याने तो माझ्या हातातून घेऊन मासळीच्या ओल्या हाताने कानाला लावला. पलीकडून मॅडमचा आवाज आला तसे ते जोरात बोलले.

"बाई, मी दसरू बोलून राह्यलो. पुढच्या मंडईच्या आधी येजा. चाल कच्ची हाय तुमची अजून. आन् मले आता घुंगरं जड होऊन राह्यले, ते घेऊन जाजा."

मग ते थांबले. फोन कानापासून दूर धरून त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्यापुढे केला.

"काई बोलत नाई ते. कट केला का तिनं?"

मी फोन कानाला लावला. कट केला नव्हता.