बंद दारामागची पेज

ये गो बाय, अशी जवळ बस. मी लिहितेय आणि तू पुण्यात वाचतेयस, तरी मांडी घालून बस आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. काल तू फोन खुर्चीला टेकवून बाळीला भरवत होतीस ते मी सगळं बघितलं. गाजर मिक्सरातून, डाळ मिक्सरातून, भात तोही मिक्सरातून! अकरा महिन्यांची पोर ती, तिला अजून वाटणासारखं वाटून घालतेस? आणि तुकडा दिला की थुंकते म्हणून स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणतेस. वेडी की काय तू? सासू म्हणून ओरडत नाही हां. तुझ्या नवऱ्याला अकरा महिने जिने हेच केलं, ती बाई ओरडतेय.

हो, तुझा नवरा. आज मुडदुशी मासळीचे काटेसुद्धा चोखून ठेवतो ना, तोच. अकराव्या महिन्यात त्याला फडक्यातून गाळलेल्या पेजेशिवाय काही चालत नव्हतं. सकाळी गाळलेली पेज, दुपारी गाळलेली पेज, संध्याकाळी नाचणीचं सत्त्व, तेही गाळून. एक शीत आलं तरी जिभेने बाहेर ढकलायचा. पाव दुधात भिजवून दिला, तो माझ्या हनुवटीवर आला. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, काकण घेतलं, ते बांगडीसारखं कडक असतं ना, मुलं चघळतात म्हणून. आमच्या राजांनी त्याने जमीन ठोकली आणि कोंबडीला दिलं.

आता भरवायचं कुठे, तर मागच्या खोलीत. दार बंद, जनेलाची झडप बंद. हा माझ्या सासूबाईंचा कायदा. पोर खाताना कोणी बघितलं की दिष्ट लागते, असं त्यांचं ठाम मत. तू हसू नयेस म्हणून सांगते, त्यांचं पहिलं मूल दीड वर्षाचं होऊन गेलं होतं. भर पंगतीत जेवताना कोणीतरी त्याच्या खाण्याचं कौतुक केलं आणि आठ दिवसांत ते तापाने गेलं. तेव्हापासून कोणी पोराच्या घासाकडे बघितलं की त्यांना तेच आठवायचं. म्हणून मीही कधी दार उघडलं नाही. त्या दाराला टेकून बाहेर बसायच्या, राखण करायला.

ते दिवस गोवा नुकतंच राज्य झाल्याचे. आमच्या चोपड्याच्या तिठ्यावर पुरुष मराठी की कोकणी म्हणून गळ्याच्या शिरा ताणायचे. आमच्या घरात दोन्ही एका घासात चालायच्या. आमचं भांडण होतं ते पेजेवरून.

भांडणाचं कारण असं. मी शाळा चौथीत सोडलेली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदावर झालं. पण शिवणाची मला भारी हौस. नदीपलीकडे शिवोलीला शिवणाचा वर्ग निघाला आणि माझं नाव लागलं. दिवाळीनंतरच्या सोमवारी हजर राहायचं, नाही तर जागा दुसरीला. तुझे सासरे डिचोलीकडे खाणीच्या ट्रकावर, आठवड्याने घरी यायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुमी दोघी काय ता बघा." सासूबाईंनी बघितलं आणि अट घातली.

"पोर मी सांभाळतंय. पण गाळूक, भरवूक माका जमाचा नाय. माजे हात थरथरतत. ज्या दिवशी तो आपल्या मडक्यातला भात खायत, त्या दिवशी तू होडयेत बस."

अट खोटी नव्हती, हात खरंच थरथरायचे. पण सोमवार आठ दिवसांवर आणि पोरगा शिताला भीक घालेना. मी दार बंद करून त्याच्यापुढे रडायची, तो माझे अश्रू बोटाने पुसून बोट चाटायचा. तेवढं मात्र गाळल्याशिवाय चालायचं!

शुक्रवारी आमच्याकडे भात झोडायला बायका आल्या. पाचजणी, सिंधुदुर्गातल्या, दर वर्षीच्या. दहाच्या सुमाराला खळ्यात त्यांना पेज द्यायची. उकड्या तांदळाची, शितं दिसणारी, सोबत खारातली कैरी आणि उकडलेली रताळी. मी पोराला खोलीत निजवलं, दार ओढलं आणि टोप घेऊन बाहेर गेले. कडी नीट बसली नव्हती.

मी पेज वाढतेय आणि एकदम सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. वळून बघते तर उंबऱ्यावरून हा रांगत आलेला. आला तो थेट त्या बायकांच्या मध्ये, पेंढ्यावर बसला. हसला नाही, रडला नाही. एकीच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. डोळे असे की सिनेमा बघतोय. आणि बाय, हळूहळू त्याची हनुवटी हलायला लागली. तोंडात काही नाही आणि हा चावतोय! खाली दोन दात, वर हिरड्या, पण त्यांच्यासारखंच, खाली-वर, खाली-वर.

"बघा गे बघा, पोर वारो चावता!" एक हसत सुटली.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी मात्र माझ्याकडे बघत होती. "काय गो वयनी, ह्या पोरान कधी कोणाक जेवताना बघल्यान हा काय?"

मी टोप खाली ठेवला. नव्हतं बघितलं. अकरा महिन्यांत एकदाही नाही. आम्ही जेवायचो तेव्हा तो खोलीत, तो जेवायचा तेव्हा दार बंद.

"मगे चावचा कसा ता तेका कळतला कसा?" म्हातारी म्हणाली आणि तिने रताळ्याचा एक लांबट तुकडा, आपल्या बोटाएवढा, दोन बोटांत दाबला की चेपेल असा मऊ, त्याच्या पुढे धरला. भरवला नाही. नुसता धरला. त्याने मुठीत घेतला, तोंडात घातला आणि खोकला. डोळे लाल. मी बोट घालायला धावले तशी म्हातारी माझ्यावर खेकसली, "बोट घालू नको गो! तेचो तो काढता." आणि खरंच, त्याने तो जिभेने पुढे आणला, विचार केला, पुन्हा चावला आणि गिळला. मग दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे!

तेवढ्यात मागे ताटली पडल्याचा आवाज. सासूबाई. पाच बायका पोराचं तोंड बघताहेत, पोर खातंय, आणि त्या दारात. आता उचलणार आणि आत नेणार, आणि माझा सोमवार बुडाला.

त्या पुढे आल्या. त्याच्याकडे बघितलं. त्याने त्यांच्यापुढे चिकट, रताळं लागलेला हात केला. आणि त्या चक्क खाली बसल्या, पेंढ्यावर, लुगडं सावरत. एका बाईच्या ताटलीतलं एक शीत उचललं, त्याच्यासमोर तोंडात घातलं आणि उरलेल्या चार दातांनी इतकं मोठं तोंड करून चावलं की त्या बायका लोळायच्या राहिल्या. "असा चाव रे पुता. असा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि चावणं काही थांबत नव्हतं. पोराने शीत उचललं. चिमटीत येईना, तळव्याला चिकटवलं आणि तळवा चाटला.

तिन्हीसांजेला त्यांनी मीठ-मिरच्या घेऊन त्याची दिष्ट काढली. पाच बायकांची काढली, माझी काढली, आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "आनि माजी पण." मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना मात्र, "मियाच तेका भायर आणलंय." मीही मान डोलावली. मला सोमवार हवा होता.

त्या दिवसापासून तो आमच्याबरोबर बसायला लागला. आमच्या ताटातलं सगळं, तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं. डाळीतला भोपळा, मऊ भेंडी, काटे तीनदा तपासलेली मुडदुशी. अर्धं पोटात, अर्धं केसांत. कोंबड्या आमच्याकडे जेवायला येऊ लागल्या.

सोमवारी सासूबाई त्याला काखेत घेऊन धक्क्यावर आल्या. मी होडीत बसले आणि रडू आवरत मागे वळून बघितलं. त्याच्या मुठीत पोदेराची पोय, कोंड्याचा पाव, होती आणि तो तिच्याकडे असा बघत होता की मी कोण, कुठली! एकदाही मान वर केली नाही. सासूबाईंनी हात हलवला, तोही खाता खाता. मी नदीभर हसत गेले.

आता सांग, तुमची बाळी सहाला एकटी जेवते, मोबाईल बघत. तुम्ही दोघं नऊला, ती झोपल्यावर. तिने तुम्हाला चावताना कधी बघितलंय? आज खुर्ची तुमच्या मेजाला लाव, आपलं ताट तिच्यासमोर घे आणि तिला तुझं तोंड बघू दे. एवढंच कर, बाकी तिचं ती बघेल.

आणि दिवाळीपर्यंत थांबू नकोस गो. आमची रताळी आत्ताच निघताहेत आणि खळ्यात बसायला मी शेजारच्या चौघींना सांगून ठेवलंय. सगळ्याजणी तोंड मोठं करून चावायला तयार आहेत. येत्या शनिवारी बाळीला घेऊन ये बघू.