चिमटीतला पदर

खळीचा वास आला की वडिलांचे, म्हणजे नानांचे, साड्यांचे दुकान आठवते. काठ चिमटीत धरून, डोळे मिटून ते सूत ओळखत. मी मध्येच सुताचे नाव सांगू लागले की म्हणत, "सांगू नकोस."

त्या सकाळी केमोच्या वॉर्डात मात्र स्पिरिटचा वास होता. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला होता. पहिल्या औषधाने त्याला काही महिने थोपवले, पण नानांच्या बोटांतली बरीचशी जाणीव नेली. आज दुसरे औषध सुरू व्हायचे होते. "हातांतलं उरलंसुरलंही गेलं, तर जगून करू काय?" असे ते घरी म्हणाले होते. होकार त्यांनी अजून दिला नव्हता.

"नाना, लावू ना सुई?" सिस्टरने विचारले.

त्यांनी माझा पदर चिमटीत धरला. डोळे मिटले. बोटे फिरत राहिली, घसरत राहिली. स्टँडवर टांगलेल्या औषधाच्या पिशवीत उजेड थरथरत होता. दोन बोटांमधल्या एवढ्याशा फटीतून माणूस केवढे जग आत घेत असतो! ओठांवर आलेले नाव मी गिळले.

"अहो, पदर काही पळून जात नाही," सिस्टर हसली.

नाना हसले नाहीत. त्यांनी डोळे उघडले आणि डावा हात तिच्यापुढे केला. उजव्या चिमटीत पदर तसाच होता. माझ्याकडे पाहत ते म्हणाले,

"सांग."